करड्या सपाता

तपासनीसांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या मनातलं कुणालाही कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत बाळगणारा माणूस जगात एकच होता. बायकोला त्यांच्या मनातलं ते दारात उभे असतानाच कळे, लेकीला फोनवर कळे, आणि कचेरीतल्या शिपायाला तर ते जिना चढत असतानाच कळे. पण ज्याची सगळी नोकरी वसतिगृहं, इस्पितळं आणि वृद्धाश्रम तपासण्यात गेली, त्याने स्वतःबद्दल एवढा एक गैरसमज बाळगला तर कुणाचं काय बिघडतं? पुढे ही हकीकत ते स्वतःच मिटक्या मारत सांगायचे आणि सुरुवात नेहमी बसपासून करायचे.

त्या सकाळी बसमध्ये एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बसा ना, आजोबा."

तपासनीसांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणी आजोबा नव्हते, नुसती काच होती आणि काचेत ते स्वतः होते. "नको, मला पुढच्याच स्टॉपला उतरायचंय," ते म्हणाले, आणि तोंडातून गेलेलं खरं करण्यासाठी पुढच्या स्टॉपला खरोखरच उतरले. त्यांचा स्टॉप बराच पुढे होता. उरलेला रस्ता त्यांनी पोट आत ओढून पायी कापला. निवृत्ती जवळ आली होती, केसांचा कलप बायकोने 'आता पुरे' म्हणून बंद करायला लावला होता, पण म्हणून काय लगेच आजोबा?

निघाले होते ते एका वृद्धाश्रमात. तिथून तक्रारी येत होत्या. सगळ्या एकाच बाईंच्या आणि सगळ्या एकाच विषयावर: आमचे बूट आम्हाला परत द्या. कचेरीत त्यावरून हसून हसून मुरकुंडी वळली होती. शिळं जेवण, तुंबलेले संडास, अंगावर ओरडणारे नोकर, अशा तक्रारींची कचेरीला सवय होती. बुटांची ही पहिलीच. पहिल्या दोन तक्रारी तपासनीसांनी खुर्चीतून न उठता मिटवल्या होत्या. एका हातात बिस्किट धरून त्यांनी आश्रमाच्या अधीक्षिकेला फोन लावला, ती म्हणाली, "अहो, आम्ही सगळ्यांना मऊ सपाता देतो, त्याही फुकट," आणि बिस्किट संपायच्या आत प्रकरण मिटलं. तिसरी तक्रार आली तेव्हा मात्र त्यांनी जाहीर केलं की आता मी स्वतः जातो, गुपचूप. त्यात कळवळा कमी आणि कंटाळा जास्त होता. शिवाय निरोपसमारंभात सांगायला एखादा मजेशीर किस्सा हवाच होता.

गुपचूप जाण्याची त्यांची खास पद्धत होती आणि नव्या पोरांना ते ती कौतुकाने शिकवायचे. ओळखपत्र कचेरीच्या खणात ठेवायचं. फोनही तिथेच, कारण नको तेव्हा वाजला की बिंग फुटतं. अंगावर जुना कोट. दारात एवढंच म्हणायचं: "इथं राहायला कसं आहे, ते बघायला आलोय." समोरच्याला वाटतं, हा आपल्या वडिलांसाठी जागा शोधतोय. या पद्धतीत आजवर एकदाही चूक झाली नव्हती. अर्थात आजवर ते आजोबा दिसत नव्हते.

"इथं राहायला कसं आहे, ते बघायला आलोय," ते स्वागताच्या टेबलाशी म्हणाले.

टेबलामागच्या मुलीचा चेहरा फुलला. "या या, आजोबा! तुमचीच वाट बघतोय आम्ही. एकटेच आलात आत? मुलगा गाडी लावतोय का?"

सकाळपासून दुसऱ्यांदा आजोबा. तपासनीसांनी तो शब्द कडू औषधासारखा गिळला आणि काही बोलणार, एवढ्यात एक आडदांड सेवक त्यांच्या पायाशी गुडघ्यावर बसला. त्याला सगळे पैलवान म्हणत. त्याने त्यांना अलगद खुर्चीत बसवलं, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि पायांत करड्या रंगाच्या मऊ सपाता सरकवल्या. तपासनीस खूश झाले. काय ही अदब! फरशी स्वच्छ राहावी म्हणून केवढी काळजी! मनातल्या मनात त्यांनी स्वच्छतेला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. बूट एका कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली पैलवानाच्या खिशात गेली, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला.

"माझे बूट जाताना मिळतील ना?"

"जाताना?" मुलगी गोड हसली. "आता कुठं जायचंय, आजोबा? तुमची खोली तयार आहे. खिडकीतून बाग दिसते."

"अहो, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मी तपासणीला आलोय. मी अधिकारी आहे."

"हो हो, साहेब," मुलगी म्हणाली. तिचा आवाज लहान बाळाशी बोलताना होतो तसा झाला होता. मग ती पैलवानाकडे वळून, आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही अशा समजुतीने कुजबुजली, "मुलाने फोनवर सांगितलंच होतं. बाबा मोठे अधिकारी होते, अजूनही कामावर आहोत असंच त्यांना वाटतं. आल्या आल्या म्हणतील मी तपासणीला आलोय. आपण फक्त हो हो करायचं."

"मला मुलगाच नाही!" तपासनीस ओरडले. "मला मुलगी आहे!"

"हो हो," पैलवान म्हणाला.

तपासनीसांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी आपलं पद सांगितलं, कचेरीचा मजला सांगितला, वरिष्ठांच्या टकलाचं वर्णन केलं. जितकं जास्त खरं सांगावं, तितकं समोरची दोघं जास्त मायेने मान हलवत होती. खरं बोलणारा संतापला की तो हुबेहूब भ्रमिष्टासारखा दिसतो, हे त्यांना एवढ्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. किती आश्रमांत किती जण त्यांचा हात धरून काय काय सांगू पाहत होते, आणि तपासनीस त्यांनाही असंच मायेने 'हो हो' म्हणून पुढे सरकले होते.

"तुमच्या अधीक्षिकेला बोलवा. आत्ताच्या आत्ता!"

"मॅडम आज फार गडबडीत आहेत, आजोबा. तपासणीचे साहेब येणार आहेत म्हणे."

"कोण म्हणे?"

"त्यांच्याच कचेरीतून कळलं. शिपाई मॅडमच्या ओळखीतला आहे."

गुपचूप तपासणी! तपासनीसांनी कपाळाला हात लावला. मग रागारागाने वळून ते दरवाजाकडे निघाले, म्हणजे निघायला गेले. सपातांना मागे टाच नव्हती, खाली रबर नव्हतं आणि फरशी आरशासारखी चकचकीत होती. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते त्यांना अक्षरशः कळलं. पैलवानाने त्यांना हवेतच झेललं आणि सरळ उभं केलं.

"सावकाश. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा. जमेल हळूहळू."

तपासनीस पाय घासत बैठकीच्या खोलीत आले. तिथे दहाबारा म्हातारी माणसं होती आणि सगळ्यांच्या पायांत त्याच करड्या सपाता होत्या. कुणी उठलं की सर्र, कुणी खिडकीशी गेलं की सर्र. खोली लख्ख होती, पडदे धुतलेले होते, चहा गरम होता. एरवी त्यांनी दारातूनच 'उत्तम' असा शेरा मारला असता आणि जेवायला घरी गेले असते.

कोपऱ्यातल्या सोफ्यावर एक लहानखुरी आजी सुई-दोरा घेऊन बसली होती. शेजारी तिचा नवरा, काठीसारखा उंच, तिच्या पदराचं टोक बोटात धरून. आजीने तपासनीसांकडे पाहिलं, म्हणजे त्यांच्या कोटाकडे पाहिलं.

"अस्तर उसवलंय. आणि ही बाही कुणी बेतली? डावा हात आखूड आहे का तुमचा?"

"मी तपासणी अधिकारी आहे," तपासनीस हताशपणे म्हणाले.

"असाल." आजीने दोरा दाताने तोडला. "इथं एक न्यायाधीश आहेत. एक बोटीचे कप्तान होते. ते खरंच कप्तान होते, पण ते आम्हाला त्यांच्या अंत्ययात्रेला कळलं. बसा. कोट काढा, चार टाके घालून देते."

तपासनीस बसले. आयुष्यभर शिवणकाम केलेली ही बाई म्हणजेच ती तक्रारबाई, हे ओळखायला त्यांना फार अक्कल चालवावी लागली नाही. ती शिवताना तोंडही चालवत होती. पाव कालचा असतो, माळी झाडांना मुद्दाम तहानलेलं ठेवतो, बाजूच्या खोलीतली म्हातारी तिच्या सुया चोरते. तपासनीसांना जरा हायसं वाटलं. अशा कुरकुऱ्या बायका त्यांना पाठ होत्या.

"आणि बुटांचं काय?" त्यांनी विचारलं.

आजीचा हात थांबला.

"हे टपाल वाटायचे," ती नवऱ्याकडे मान वळवून म्हणाली. "सगळा जन्म चालण्यात गेला यांचा. निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला. इथं आलो आणि बूट गेले. आता दर महिन्याला चालून दाखवायचं असतं. त्या कुंडीपासून दारापर्यंत, वळायचं, परत यायचं. जो तीनदा घसरला तो वरच्या मजल्यावर. वरचं दार कायम बंद. खालच्यांनी वर जायचं फक्त रविवारी."

"हे दोनदा घसरलेत," ती म्हणाली. "आज तिसऱ्यांदा घसरले की वर. मी किती विनवलं, निदान चालून दाखवण्यापुरते तरी यांचे बूट द्या. नाही म्हणजे नाही. लग्न झाल्यापासून एकटी झोपलेली नाही हो मी."

टपालवाले पहिल्यांदाच बोलले. "मी घसरत नाही. जमीनच निघून जाते."

"तक्रार करायची होती," तपासनीस म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना आपली जीभ चावावीशी वाटली.

"केली की. तीनदा. दोनदा कुणीतरी शहाण्याने फोन केला. आणि केला कुणाला? जिच्याविरुद्ध तक्रार, तिलाच!"

त्या शहाण्याला बिस्किटाची चव अजून आठवत होती.

तेवढ्यात व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या. गळ्यात शिटी, चेहरा हसरा. "चला मंडळी, चालून दाखवायचं! आज नवे आजोबा आहेत ना? मग पहिला मान त्यांचा."

खरं तर तपासनीसांनी सरळ नकार द्यायला हवा होता. पण सकाळची बसमधली मुलगी त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. दाखवतोच यांना, त्यांनी मनाशी म्हटलं. शिवाय आपण नीट चालून दाखवलं की सपातांत चालता येतं हे सिद्ध होईल, तक्रार खोटी पडेल आणि जेवायच्या वेळेला घरी पोहोचता येईल, असाही एक हिशोब होताच. त्यांनी पोट आत घेतलं, मान ताठ केली आणि कुंडीपासून निघाले.

सपाता निसटू नयेत म्हणून पायाची बोटं आवळावी लागत होती. बोटं आवळली की गुडघे वाकत, गुडघे वाकले की कंबर मागे जाई. दारापर्यंत ते पोहोचले, पण कसे पोहोचले ते पाहून न्यायाधीशांनीसुद्धा दुसरीकडे तोंड फिरवलं. मग ते ऐटीत वळले. म्हणजे ते वळले, उजवी सपाता वळली नाही. परत येताना एक पाय मोज्यावर, एक सपातेत, अशी त्यांची वरात कुंडीपर्यंत आली आणि तिथे आधाराला त्यांनी कुंडीच धरली. कुंडी आणि तपासनीस बरोबरच आडवे झाले.

व्यायामाच्या बाईंनी त्यांच्या केसांतली माती झटकली. "काही लागलं नाही ना? सुरुवातीला वरच ठेवूया तुम्हाला. वर छान काळजी घेतात."

"वर? मला?" तपासनीस जमिनीवरूनच ओरडले. "हा कुठला न्याय? या असल्या सपातांत कोण चालेल? आधी माझे बूट मला परत द्या!"

ओरडून झालं आणि मग त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं. हेच वाक्य त्यांनी कचेरीत नकला करून वाचून दाखवलं होतं. तेव्हा किती हशा पिकला होता! आता एकटी शिवणवाली आजी त्यांच्याकडे पाहत होती आणि तिला हसू येत नव्हतं.

"आता हे," बाई म्हणाल्या. टपालवाले उठले. आजीने त्यांच्या हातातून पदर सोडवून घेतला.

त्याच क्षणी पुढच्या दाराशी गडगडाट झाला. "इथली मुख्य कोण आहे? बोलवा तिला!"

आत आले ते एक भारदस्त वृद्ध गृहस्थ. कडक इस्त्रीचा सूट, आरशासारखे बूट, काखेत काठी. टेबलावरची मुलगी ताडकन उभी राहिली. अधीक्षिका आपल्या खोलीतून धावत आली, तिची पाचावर धारण बसली होती. "या साहेब, या. आम्ही वाटच बघत होतो."

पैलवान सवयीने वाकला. साहेबांनी काठी त्याच्या खांद्याला टेकवली.

"बूट काढायचे? कोणत्या नियमाखाली? नियम दाखवा."

पैलवानाने मुलीकडे पाहिलं, मुलीने अधीक्षिकेकडे, अधीक्षिकेने छताकडे. साहेब बूट वाजवत आत आले. त्यांनी पडदे उचलून पाहिले, चहा हुंगला, आणि मातीत बसलेल्या तपासनीसांपाशी येऊन थांबले. "हा गृहस्थ का पडला?"

तपासनीसांच्या सगळं लक्षात आलं होतं. हेच ते नवे आजोबा. 'अहो, ते नव्हे, मी!' असं ओरडायला त्यांनी तोंडही उघडलं. पण साहेबांनी तोवर दाराशी राहिलेली त्यांची सपाता काठीने उचलून अधीक्षिकेसमोर धरली होती.

"घाला. आणि चालून दाखवा."

एवढा साधा उपाय! आपल्याला तो पहिल्याच तक्रारीला सुचायला हवा होता, असं वाटून तपासनीसांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. अधीक्षिकेने ती एक सपाता घातली, दोन पावलं टाकली आणि भिंत धरली. मग ती रडायलाच लागली.

"साहेब, मी काय हौसेने करते का हे? एक आजोबा बूट घालून बाहेर पडले होते. पाठीमागून ट्रक आला. त्यांच्या लेकीला मी फोन केला होता, मीच. त्यानंतर ठरवलं, बूटच नकोत. सपाता घालून कुणी लांब जात नाही."

साहेबांचा आवाज खाली आला. "मग दाराशी माणूस बसवा, बाई. यांचे पाय कशाला बांधता?" त्यांनी काठी टपालवाल्यांकडे वळवली. "याचे बूट आणा."

पैलवानाने कपाटातून टपालवाल्यांचे बूट आणले. आजीने ते ओढूनच घेतले, मांडीवर ठेवले आणि एकाची नाडी सैल केली. कातडं वाळून लाकूड झालं होतं. तळ तिच्या हातात आला. तिने तो परत बसवून पाहिला, दाबून पाहिला, शिवणाऱ्या बाईच्या सवयीने टाका कुठे घालता येईल तेही पाहिलं.

तपासनीसांना ते बघवेना. "माझे बघा बरं," ते म्हणाले. "मापाचे होतील असं वाटतंय."

पैलवानाने तेही कपाटातून आणले. होत होते. आजीने स्वतः खाली बसून नवऱ्याच्या पायांत ते चढवले आणि नाड्यांना दुहेरी गाठ मारली. तेवढ्यात घामाघूम झालेला एक माणूस धावत आत शिरला. "बाबा! तुम्ही इथं आहात होय! मी गाडी लावतोय तोवर उतरून गेलात? सगळी गल्ली पालथी घातली मी." मग अधीक्षिकेला, "माफ करा हं मॅडम. माझे वडील. तपासणी वगैरे सुरू नाही ना केली त्यांनी?"

अधीक्षिकेने डोळे पुसले. "मग तपासणीचे साहेब कोण?"

टेबलावरच्या मुलीने हळूच बोट दाखवलं. तपासनीस केसांत माती घेऊन, एका पायात मोजा आणि एका पायात सपाता अशा थाटात बसले होते. या क्षणाची त्यांनी आल्यापासून वाट पाहिली होती आणि आता तो आला तर त्यांना तोंड लपवावंसं वाटत होतं. टेबलावरच्या फोनवरून त्यांनी कचेरी लावली. शिपायाने आवाज ओळखला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, "काय साहेब, अडकलात का?" ओळख पटवायला तेवढं पुरलं.

"म्हणजे मघाचा हुकूम काही खरा नव्हे," अधीक्षिका सावरून म्हणाली. "पैलवान, यांना सपाता दे."

टपालवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. आजीने तपासनीसांकडे पाहिलं.

"हुकूम खरा आहे," तपासनीस म्हणाले. "या साहेबांनी दिला तो मीच दिला असं समजा. चला, चालून दाखवा तुम्ही."

टपालवाले कुंडीपासून निघाले. पहिलं पाऊल त्यांनी सवयीने घासलं, दुसरं उचललं. तिसऱ्यापासून त्यांची पाठ सरळ झाली आणि फरशीवर टाचांचा आवाज यायला लागला. दारापर्यंत ते नीट गेले. पण वळले नाहीत. त्यांनी दार उघडलं आणि पायऱ्या उतरले. आजी सर्र सर्र करत त्यांच्यामागे धावली, तिने त्यांचा हात धरला, आणि दोघं फाटकातून रस्त्यावर गेली.

"थांबवा त्यांना!" अधीक्षिका किंचाळली. "काही झालं तर जबाबदार कोण?"

आयुष्यभर तपासनीसांनी 'योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढंच लिहिलं होतं. ती कुणी करावी, हे लिहिण्याच्या भानगडीत ते कधी पडले नव्हते.

"मी," ते म्हणाले. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. त्या सपातांत त्यांना दोघांच्या मागे धावताच आलं नसतं, आणि बूट तर रस्त्यावरून चालत निघाले होते.

सगळे फाटकापाशी येऊन उभे राहिले. दोघं कोपऱ्यावर दिसेनाशी झाली. अधीक्षिकेने गजांना घट्ट धरलं होतं. तिला पुन्हा तोच ट्रक दिसत होता आणि आता तपासनीसांनाही दिसायला लागला. नोकरीच्या शेवटी आपल्या नावावर काय जमा होणार आहे, याची त्यांना धास्ती वाटली. त्याहून मोठी धास्ती त्या दोघांसाठी वाटली, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

शेजारी ते भारदस्त साहेब उभे होते. मुलाने त्यांचं कोपर धरलं होतं. त्यांचा मघाचा दरारा कुठल्या कुठे गेला होता. ते तपासनीसांच्या कानाशी वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मला इथंच राहायचंय का?"

तपासनीसांना 'हो हो' म्हणवेना. "हो," ते म्हणाले.

"हे बूट काढावे लागतील?"

"नाही. तुम्हीच तसा हुकूम दिलाय."

साहेबांनी मान डोलावली आणि आपल्या चकचकीत बुटांकडे पाहत राहिले.

मग दुसऱ्या बाजूने ती दोघं येताना दिसली. टपालवाले प्रत्येक घराच्या फाटकाशी क्षणभर थांबत होते, कडीला हात लावत होते आणि पुढे निघत होते. चेहरा लालबुंद झाला होता. आजीची एक सपाता कुठेतरी राहिली होती आणि ती दुरूनच बोलत येत होती.

"कोपऱ्यावरची फरशी उखडलीय. माणसं मरतील तिथं. घ्या लिहून. आणि यावेळी स्वतः जाऊन बघा, फोन नका करू!"

"घेतो," तपासनीस म्हणाले. आजीला सगळं कळलं होतं. कळायचंच, त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"खालीच," व्यायामाच्या बाई अधीक्षिकेला म्हणाल्या. अधीक्षिकेने गज सोडले. ते ऐकून आजी मटकन पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. टपालवाले तिच्या शेजारी बसून आपले पाय पुढे करून बुटांकडे बघत होते.

ते बूट परत मागायला तपासनीसांना तोंड नव्हतं. याला उदारपणा म्हणायचं असेल तर म्हणा. बायको पुढे वेगळाच शब्द वापरायची. सर्वांचे बूट आजच परत द्यायचे आणि दाराशी माणूस बसवायचा, असं अधीक्षिकेला बजावून, पुन्हा येईन असं सांगून ते निघाले. आले होते कोटाचं अस्तर उसवलेलं घेऊन, परतताना ते शिवलेलं होतं आणि पायात करड्या सपाता होत्या.

बसच्या पायरीवर चढायला त्यांना दांडा धरावा लागला. ते पाय घासत आत आले. सर्र, सर्र. खिडकीशी बसलेल्या एका बाईने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि ती चटकन उठली. "बसा, आजोबा. कुठं उतरणार?"

तपासनीसांनी या वेळी मागे वळून पाहिलं नाही. ते बसले, पाय जवळ घेतले आणि म्हणाले, "मला अजून बरंच लांब जायचंय."